चरूची अदलाबदल

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर खेड मागे टाकून चिपळुणाकडे निघाले म्हणजे वाटेत लोटे लागते. आणि लोट्याहून थोडे पुढे, वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी, ज्याच्या नावाने तो घाट आणि लोट्याची औद्योगिक वसाहत या दोहोंचीही ओळख सांगितली जाते, त्या भार्गवरामाचे, म्हणजे परशुरामाचे, देवालय आहे. धावडशीकर ब्रह्मेंद्रस्वामींच्या खटपटीमुळे अठराव्या शतकात या देवस्थानास ऊर्जितावस्था आली, आणि देवाच्या पाठीमागे त्याची माता रेणुका हिचेही स्थान आहे. कारखान्यांच्या पाट्यांवर ‘रसायन’ हा शब्द वाचीत वाचीत आलेल्या प्रवाशाला येथे मायलेकरांचे दर्शन एकाच ठिकाणी घडते. मायबापांकडून लेकरांकडे काय जाते आणि ते कसे जाते, या प्रश्नाचे उत्तरही अखेर रसायनाचेच असल्यामुळे, त्या उत्तराचा आरंभ लोट्याच्या शेजारापासून करावा असे आम्हास वाटले, आणि त्याला दुसरेही एक कारण आहे.

ते कारण म्हणजे परशुरामाच्या जन्मापूर्वीची कथा. कान्यकुब्जाचा राजा गाधी याची कन्या सत्यवती भृगुकुळातील ऋचीक ऋषीस दिली होती. पत्नीस ब्रह्मतेजाने युक्त आणि सासूस क्षात्रतेजाने युक्त असा पुत्र व्हावा म्हणून ऋचीकाने दोन निरनिराळे चरू, म्हणजे मंत्रून शिजविलेल्या अन्नाचे वाटे, सिद्ध केले. परंतु जावयाने स्वतःच्या पत्नीसाठीच अधिक चांगला चरू केला असला पाहिजे, हा जगातील यच्चयावत सासवांना सुचणारा तर्क गाधीच्या राणीलाही सुचला आणि मायलेकींनी चरूंची अदलाबदल केली. ऋषीच्या ध्यानी हा घोटाळा आला तेव्हा सत्यवतीने हात जोडून विनवणी केली की, तो उग्र गुण माझ्या पुत्रात न उतरता नातवात उतरावा. तसेच झाले. राणीच्या पोटी विश्वामित्र आला, सत्यवतीच्या पोटी जमदग्नी आला, आणि ज्या क्षात्रतेजाने पुत्राला वगळले ते नातवाच्या हातात परशू होऊन प्रगट झाले. जमदग्नी अगदीच शांत होते असे मात्र रेणुका म्हणणार नाही, आणि तापट माणसास ‘जमदग्नीचा अवतार’ म्हणणारी मराठी भाषाही म्हणणार नाही. चरूचा थोडा अंश मधल्या पिढीतही पाझरला असावा. परंतु पुराणिकाने विचारलेला प्रश्न खरा आहे. जो गुण पित्याच्या ठायी दिसला नाही तो पुत्रास मिळाला कोठून, आणि पित्याच्या हयातीत तो कोणत्या कोठारात कुलूपबंद होता?

लोकव्यवहारातील उत्तर याच्या नेमके उलट आहे. ‘खाण तशी माती’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि मुलात काही अनपेक्षित दिसले की शेजारीण ‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’ असे म्हणून, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सूचित करते. या सर्व बोलण्याच्या मुळाशी रक्ताची कल्पना आहे. रक्ताचे नाते, रक्तातला गुण, एका रक्ताची भावंडे. वस्तुतः आईच्या रक्ताचा प्रवाह गर्भाच्या अंगात वाहत नाही. वारेच्या पातळ पडद्याच्या अलीकडे एकाचे आणि पलीकडे दुसऱ्याचे, अशी ती दोन रक्ते शेजारी राहूनही आपापली असतात. बापाच्या रक्ताचा तर संबंधच नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, रक्तास ज्यांच्यामुळे तांबडेपणा येतो त्या पेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देतात, म्हणून त्यांत डीएनए मुळी नसतोच. रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासतात तो त्यातील पांढऱ्या पेशींचा.

रक्त मिसळते या कल्पनेत दुसराही एक दोष होता, आणि तो १८६७ साली फ्लीमिंग जेंकिन या इंजिनियराने डार्विनला दाखवून दिला. दुधात पाणी घालावे तसे आईबापांचे गुण मुलात मिसळत असतील तर प्रत्येक पिढीत प्रत्येक गुण अर्ध्याने पातळ होईल, आणि काही पिढ्यांनंतर कोणाचेच कोणापासून वेगळेपण उरणार नाही. डार्विनला याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. उत्तर दोन वर्षे आधीच, १८६५ साली, ब्रुन नगरातील ग्रेगोर मेंडेल या मठवासीयाने वाटाण्याच्या रोपांवरून वाचून दाखविले होते. पण ते १९०० सालापर्यंत कोणी मनावर घेतले नाही. मेंडेलचे म्हणणे थोडक्यात असे की, गुण मिसळत नाहीत. ते सुट्या, अखंड कणांनी उतरतात. प्रत्येक गुणाचे दोन कण असतात, एक मातेचा, एक पित्याचा. आणि त्यांपैकी एक गप्प बसला म्हणून नाहीसा होत नाही.

ज्याला आपण आज जनुक म्हणतो तो हा कण कसा असतो हे समजून घेण्यास रक्तापेक्षा दप्तर बरे. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवीत हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. मनुष्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असेच शेचाळीस रुमाल असतात, त्यांस गुणसूत्रे म्हणतात. तेवीस आईकडून आलेले, तेवीस बापाकडून आलेले, आणि जोडीजोडीने एकमेकांशी जुळणारे. (शेचाळीस हा आकडा निश्चित झाला तो १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यो आणि लेवान यांच्या निबंधाने, तोवर तीस-पस्तीस वर्षे सारे जग अठ्ठेचाळीस मोजत होते, हे मोजणीदारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) प्रत्येक रुमालात एकच अतिशय लांब कागद असतो, तो म्हणजे डीएनएचा रेणू; आणि त्यावरील सारा मजकूर चारच अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. एका बाजूच्या तेवीस रुमालांत मिळून सुमारे तीन अब्ज अक्षरे भरतात. दोन्ही बाजूंचे सर्व कागद उलगडून एकापुढे एक मांडले तर डोळ्यांस न दिसणाऱ्या एका पेशीतून सुमारे दोन मीटर लांबीची दोरी निघेल. प्रथिने कशी बनवावीत याचे हुकूम, म्हणजे जनुके, या मजकुरात सुमारे वीस हजार आहेत. उरलेल्या मजकुरात कोणता हुकूम केव्हा बजावावा याच्या सूचना आहेत, जुनी रद्दी आहे, आणि ज्याचा अर्थ अद्याप लागावयाचा आहे असेही पुष्कळ आहे.

आता वाटणीचा मामला. दर पिढीस दोन्ही पक्षांचे सगळे रुमाल मुलास दिले असते तर शेचाळिसांचे ब्याण्णव आणि ब्याण्णवांचे एकशे चौऱ्याऐंशी झाले असते. म्हणून स्त्रीबीज आणि शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच रुमाल पुढे पाठविला जातो. कोणता, याला नियम नाही. तो निव्वळ चिठ्ठीचा भाग. तेवीस जोड्यांतून एकेक चिठ्ठी उचलण्याचे प्रकार किती होतात हे मोजले तर ८३,८८,६०८ भरतात. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या आकड्याशी हे इतके जवळ येते की एखाद्या कीर्तनकाराच्या कानावर गेल्यास तो यावर पूर्वरंग उभारील. पण हा केवळ योगायोग आहे, आणि शिवाय हिशेब येथे थांबतही नाही. कारण चिठ्ठी उचलण्यापूर्वी जोडीतील दोन्ही कागद एकमेकांस समांतर लागतात, ठिकठिकाणी तुटतात, आणि एकाचा तुकडा दुसऱ्यास जोडला जातो. पुरुषात अशा सांधेबदली सरासरी सव्वीस-सत्तावीस होतात, स्त्रीत चाळिसांच्या आसपास. म्हणून बाप मुलास जो कागद देतो तो त्याच्या बापाचाही नसतो आणि आईचाही नसतो. त्यावर काही मजकूर आजोबांचा, मध्येच आजीचा, पुन्हा आजोबांचा असा असतो, आणि सांधा मात्र कोठेही दिसत नाही.

या कामाचे वेळापत्रकही चमत्कारिक आहे. पुरुषाच्या अंगी ही नकलांची कचेरी वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत चालू असते. स्त्रीची स्त्रीबीजे मात्र ती स्वतः गर्भात असतानाच घडू लागतात आणि वाटणी अर्ध्यावर ठेवून वर्षानुवर्षे थांबून राहतात. ज्या बीजापासून वाचकाचा जन्म झाला ते, त्याची आई त्याच्या आजीच्या उदरात होती तेव्हाच, अस्तित्वात आलेले होते.

कोकणात वाटणी म्हटली की एका आंब्याच्या कलमावर चार भावांचे हिस्से आणि पुढच्या पिढीत त्या चारांचे सोळा, असे चित्र उभे राहते. जमीन वाटली की कमी होते. डीएनएची वाटणी तशी नाही. मुलास बापाच्या दप्तराचा अर्धाच भाग मिळतो हे खरे, पण जो मिळतो तो शब्दशः पुरा, पातळ न झालेला मिळतो, आणि राहिलेली जागा आईकडून आलेले तितकेच अस्सल कागद भरून काढतात. पाच मुले असोत की एक असो, कोणाच्याही दप्तरात एक रुमाल कमी पडत नाही. लेकीचा आणि लेकाचा हिस्सा सारखा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत लेकीस जन्मतः लेकाबरोबरीचा हक्क द्यावयास महाराष्ट्राला १९९४ आणि देशाला २००५ साल उजाडावे लागले; ही दुसरी मिळकत त्याच तत्त्वावर कित्येक कोटी वर्षे वाटली जात आहे.

दोन कागद मात्र या सरमिसळीतून जवळजवळ सुटलेले आहेत, आणि घराण्यांच्या अभिमानाशी त्यांचा निकटचा संबंध असल्यामुळे त्यांजपाशी थोडे थांबले पाहिजे. पहिला म्हणजे य-गुणसूत्र. ते बापाकडून फक्त मुलाकडे जाते आणि त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा जातो. दुसरा म्हणजे केंद्रकाबाहेर, पेशीस ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांत असलेला, अवघ्या १६,५६९ अक्षरांचा एक छोटा वर्तुळाकार कागद. तो आईकडून सर्व मुलांकडे जातो, पण पुढे चालविते ती लेकच. कोकणातील घराण्यांनी मोठ्या परिश्रमाने छापलेले जे कुलवृत्तान्त आपण पाहतो त्यांत मूळ पुरुषापासून पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशी जी वंशावळ उतरते ती, शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, एका य-गुणसूत्राची हकीकत आहे. सुनांचे माहेर बहुधा एका ओळीत आणि लेकींचे सासर अर्ध्या ओळीत उरकलेले असते. तंतुकणिकांचा कुलवृत्तान्त कोणी लिहिलेला नाही.

मूळ पुरुषाविषयी आणखीही एक गोष्ट सांगावी लागते, ती कुलाभिमान्यांस रुचणार नाही. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकास कागदोपत्री १,०२४ पूर्वज होतात (गावातल्या गावात सोयरिकी झाल्यामुळे त्यांतले पुष्कळ एकच असतात, तो भाग निराळा). परंतु सांधेबदलीतून कागदांचे जितके तुकडे पडतात ते इतक्यांना पुरत नाहीत. हिशेब केला तर त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या हातचे केंद्रकातील एकही अक्षर आपल्यापर्यंत आलेले नसते. वंशावळीत नाव आहे, श्राद्धात पिंड आहे, आणि दप्तरात मात्र ओळ नाही, असे हे पूर्वज.

बापाकडून आणि आईकडून उतरणाऱ्या त्या दोन कागदांनी कोकणच्या इतिहासात एक साक्ष दिली आहे. अलिबागेजवळील नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून वाचलेल्या थोड्या जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शेजारीपाजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडलेली, घरची भाषा मराठी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या डीएनएत पश्चिम आशियातील यहुद्यांशी जुळणारा आणि भारतीयांशी जुळणारा, असे दोन्ही अंश स्पष्ट निघाले. आणि पहिला अंश अधिक करून पुरुषांकडून व दुसरा अधिक करून स्त्रियांकडून आलेला दिसला. समुद्राने काय आणले आणि कोकणच्या लेकींनी काय दिले, हे दोन निरनिराळ्या कागदांवर लिहिलेले होते.

आता जमदग्नीच्या प्रश्नाकडे वळू. गुण एका पिढीत लपतो म्हणजे काय होते, याचा सर्वांत नामांकित दाखला शोधण्यास मेंडेलच्या मठापर्यंत जाण्याचे कारण नाही. तो परळास आहे. ज्या गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या, त्याच्या मध्यभागी १९२६ सालापासून के. ई. एम. रुग्णालय उभे आहे. १९५२ साली, म्हणजे डीएनएच्या दुहेरी पिळाची बातमी फुटण्याच्या आदल्या वर्षी, ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या मुंबईकर वैद्यकांनी, रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या ब्रिटिश संशोधकांच्या साहाय्याने एक लहानसा निबंध छापला. कार्ल लँडस्टायनरने शतकाच्या आरंभी शोधलेल्या ए, बी, ओ या गटांच्या चौकटीत न बसणारे रक्त त्यांना आढळले होते. नेहमीच्या परीक्षेत ते ‘ओ’ गटाचे दिसे, पण ‘ओ’ गटाचे दुसरे कोणतेही रक्त त्याशी मिळवले की गुठळ्या होत. सर्वांना चालणारे म्हणून ज्याची ख्याती, ते ‘ओ’ रक्तसुद्धा या माणसांना विषासमान होते. या गटास जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचे नाव बदलले तरी रक्ताचे बदललेले नाही.

याचा उलगडा घराच्या बांधणीवरून चांगला होतो. कोकणात घर उठवायचे तर आधी जांभ्या चिऱ्यांचे जोते घालावे लागते. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर असे एक जोते असते; त्यास ‘एच’ पदार्थ म्हणतात आणि त्यातील मोक्याचा चिरा म्हणजे फ्युकोज नावाची साखर. ज्याच्यापाशी ‘ए’ जनुक असते तो या जोत्यावर एका प्रकारच्या साखरेचे घर बांधतो, ‘बी’वाला दुसऱ्या प्रकारच्या, दोन्ही असतील तर वस्तीत दोन्ही तऱ्हांची घरे दिसतात, तो ‘एबी’, आणि ‘ओ’वाल्यापाशी गवंडीच निकामी, म्हणून त्याची सारी जोती नुसतीच उघडी. बॉम्बे गटाच्या माणसापाशी जोतेच नसते. त्याच्या घरी ‘ए’चा गवंडी असेल, ‘बी’चा गवंडी असेल, दोघेही कामास तयार असतील, पण चिरा बसवायचा कशावर? परीक्षा करणारा घरे शोधीत येतो, त्यास एकही दिसत नाही, आणि तो ‘ओ’ असा शेरा मारून जातो. या माणसाच्या रक्तद्रवाने तर जोते कधी पाहिलेलेच नसते, म्हणून बाहेरच्या रक्तातील उघडी जोती त्यास शत्रूच्या गढ्या वाटतात आणि त्याची प्रतिपिंडे त्यांवर तुटून पडतात.

जोते घालण्याचा हुकूम एकोणिसाव्या रुमालात आहे आणि गवंड्यांचा हुकूम नवव्या रुमालात. म्हणजे दोन्ही निरनिराळ्या चिठ्ठ्यांनी वाटले जातात. जोत्याच्या हुकुमाच्या दोन नकलांपैकी एक जरी शाबूत असली तरी काम भागते. दोन्ही नकला बिघडलेल्या असतील तरच बॉम्बे गट उद्भवतो. तेव्हा ज्यांच्यापाशी एक बरी आणि एक बिघडलेली अशी नक्कल आहे असे आईबाप स्वतः सर्व परीक्षांत निर्दोष ठरतात, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारांतून एकदा दोन्ही बिघडलेल्या नकला एकत्र येण्याचा संभव असतो. जमदग्नीच्या कोठाराचे कुलूप ते हेच. गुण नाहीसा झालेला नव्हता. शेजारची बरी नक्कल त्याची अब्रू झाकीत होती.

याची उलट बाजू अधिक नाट्यमय आहे. बॉम्बे गटाच्या एखाद्या स्त्रीपाशी ‘बी’चा हुकूम असतो, पण जोत्याअभावी तो बजावला जात नाही. तिच्या मुलास हा हुकूम मिळाला आणि बापाकडून जोत्याची बरी नक्कल मिळाली की घर उभे राहते. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच एक कुटुंब तपासले. आईच्या रक्तात दडपला गेलेला ‘बी’ तिच्या अपत्यात प्रगट झाला होता. ‘ओ’ शेऱ्याची आई, ‘ए’ गटाचा बाप, आणि मूल ‘एबी’. आमच्या त्या शेजारणीला हे कळले असते तर! रक्तगटावरून मातृत्व-पितृत्वाच्या तकरारी चालत असत त्या काळात अशा कागदावर एखाद्या न्यायाधीशाने काय निकाल दिला असता, याची कल्पना करवत नाही. आडात होतेच, आड झाकलेला होता.

मूळ बिघाड केवढा होता? भारतातील बॉम्बे गटाच्या माणसांत पुढे जी तपासणी झाली तीत जोत्याच्या जनुकात ७२५व्या स्थानी एक अक्षर बदललेले आढळले. एकच. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा बदलतो आणि चिरा बसविणारा विकर निकामी होतो. लाळेत आणि इतर स्रावांत तेच काम करणारे शेजारचे जनुक तर याच माणसांत समूळ गळालेले असते. एकच विशिष्ट चूक अनेक कुटुंबांत सापडते, यावरून ती कोणा एका जुन्या पूर्वजाच्या दप्तरात घडून पुढे नकलांमागून नकलांत उतरली असावी असे अनुमान निघते. ज्यांना तलाठ्याच्या चावडीचा अनुभव आहे त्यांस एक योगायोग सांगण्यासारखा आहे: जमिनीच्या दप्तरात ज्यास आपण फेरफार म्हणतो, त्याला सरकारी इंग्रजीत म्यूटेशन असा शब्द आहे, आणि डीएनएतील अक्षर बदलण्यासही जीवशास्त्रज्ञ तोच शब्द वापरतात. मराठी शास्त्रग्रंथांनी त्यासाठी ‘उत्परिवर्तन’ हा जडजंबाल शब्द घडविला. हाताशी फेरफार असताना एवढा खर्च का केला, न कळे.

असे फेरफार प्रत्येक जन्माच्या वेळी होतात. नवजात बालकाच्या दप्तरात आईच्या व बापाच्या दप्तरात नसलेली साठ-सत्तर नवी अक्षरे असतात, आणि बहुतेक बापाच्या बाजूची. कारण ती कचेरी अखंड चालू असते आणि नकलेवरून नक्कल काढीत राहते. आइसलंडमधील कुटुंबांवरून २०१२ साली निघालेल्या हिशेबाप्रमाणे बापाचे वय एका वर्षाने वाढले की मुलाच्या वाट्यास सुमारे दोन फेरफार अधिक येतात. बहुतेक अगदी निरुपद्रवी ठिकाणी पडतात.

बिघडलेल्या दोन नकलांची गाठ किती वेळा पडते, हे मात्र सोयरिकींवर अवलंबून आहे. भाटिया आणि साठे यांच्या १९७४ च्या पाहणीत मुंबईत बॉम्बे गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० माणसांत एक असे आले. युरोपात ते दहा लाखांत एक समजतात. ७,६०० ला एक याचा अर्थ असा की, एक बिघडलेली नक्कल मुकाट्याने बाळगणारी माणसे चव्वेचाळिसांत एक असली पाहिजेत, म्हणजे एस.टी.च्या एका भरलेल्या गाडीत एक. नवराबायको परक्या घराण्यांतील असतील तर दोघेही असे निघणे विरळा. परंतु महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि आत्येमामेभावंडांना एकाच आजीआजोबांकडून एकाच कागदाच्या नकला मिळालेल्या असू शकतात. त्यांच्या मुलाच्या बाबतीत हाच संभव सुमारे १,२०० त एक, म्हणजे सहापटींहून अधिक होतो. तरीही अशा लग्नांतील बहुसंख्य मुलांस काही एक होत नाही, हे त्याच आकड्यावरून दिसते; चाल मोडावी की चालू ठेवावी हा निर्णय ज्याचा त्याने करावा, पण गणित माहीत असून करावा.

बॉम्बे गट हा आजार नव्हे. तो बाळगणारी माणसे धडधाकट जगतात आणि अनेकांस आयुष्यभर पत्ताही लागत नाही. प्रसंग पडतो तो अपघातात, शस्त्रक्रियेत, बाळंतपणात. ‘एच’ पदार्थ ओळखणारी परीक्षा केली नाही तर ‘ओ’चा चुकीचा शेरा तसाच राहतो, आणि केली तर रात्रीबेरात्री रक्त शोधण्याची धावाधाव सुरू होते, कारण अशा माणसास फक्त अशाच माणसाचे रक्त चालते. १९५७ साली मुंबईत सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रास, ज्याची पुढे रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था झाली, अशा दुर्मिळ रक्ताचा माग काढण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले आहे. हा माग प्रथम जातो तो रुग्णाच्या सख्ख्या भावंडांकडे. परक्या माणसांत हे रक्त हजारांत एकाजवळ सापडायची मारामार. पण ज्या आईबापांच्या दोन झाकल्या नकलांतून रुग्णाचा जन्म झाला, त्यांच्याच पोटच्या इतर प्रत्येक लेकराजवळ ते असण्याचा संभव चारांत एक आहे. तीन भावंडे असतील तर त्यांपैकी निदान एकाजवळ ते निघण्याचा संभव शंभरात अठ्ठावन्न भरतो. म्हणून परळच्या एखाद्या खाटेशेजारी डॉक्टर रुग्णाच्या नातलगांस प्रथम हेच विचारतो की, याची सख्खी भावंडे किती, आणि त्यांपैकी गावाकडे कोण कोण आहे.